ताहितीच्या दारात

पृथ्वीचा गोल समोर घ्यावा, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बोट ठेवावे आणि गोल सावकाश फिरवीत पूर्वेकडे जावे. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया ही भूमी एकामागून एक मागे पडते आणि मग बोटाखाली निळ्या रंगावाचून काहीच येत नाही. हा प्रशांत महासागर होय. पृथ्वीवरील सारी खंडे एकत्र करून त्यात ठेवली, तरी पाणी उरेल एवढा त्याचा विस्तार आहे. या अफाट निळाईत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मोहरीचे दाणे सांडावेत तसे काही ठिपके विखुरलेले दिसतात. त्यांतील एका ठिपक्याचे नाव ताहिती.

कोकणातील गुहागरचा किनारा विषुववृत्ताच्या जितका उत्तरेस, जवळजवळ तितकेच ताहिती बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे येथील माणसाला तेथे गेल्यावर पुष्कळ ओळखीचे दिसते. नारळीच्या रांगा, केळीची बने, अळवाची हिरवीगार पाने, दमट वारा आणि अंगावर कोसळणारा पाऊस, सारे ओळखीचेच. ऋतू मात्र उलटे. आपल्याकडे थंडी पडते, तेव्हा तेथे उकाड्याचे आणि पावसाचे दिवस असतात. मे ते ऑक्टोबर हा काळ तेथे कोरडा आणि सुखावह असतो. बहुतेक प्रवासी याच दिवसांत ताहितीची वाट धरतात.

भारतातून ताहितीला थेट विमान जात नाही. वाटेत विमान बदलून लांबचा पल्ला गाठावा लागतो. हे बेट फ्रान्सच्या सत्तेखाली असल्यामुळे तेथे जाण्यासाठी पारपत्राबरोबर या प्रदेशात चालेल असा फ्रान्सचा प्रवेश-परवानाही लागतो. घड्याळाची गंमत तर याहून मोठी आहे. मुंबईत सोमवारी दुपारचे बारा वाजलेले असतात, तेव्हा ताहितीत रविवारी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पूर्वेकडे जाताना वाटेत वाररेषा ओलांडावी लागते आणि कालच मागे टाकलेला वार प्रवाशाला आज पुन्हा भेटतो!

विमानतळ फाआआ या गावी आहे. ताहितीला सपाट जमीन फार थोडी. म्हणून १९६०च्या सुमारास किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात भर घालून ही धावपट्टी बांधण्यात आली. त्यापूर्वी बाहेरचा माणूस आगबोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने येत असे. प्रवासी उतरला की गाणे-बजावणे करीत त्याचे स्वागत होते आणि त्याच्या हाती किंवा गळ्यात पांढरी सुवासिक फुले येतात. या फुलाचे नाव तिआरे. आपल्या परसातील अनंताच्या कुळातलेच हे फूल. ही फुले खोबरेल तेलात मुरवून तेथील लोक ‘मोनोई’ नावाचे सुगंधी तेल तयार करतात. स्त्रिया आणि पुरुष दोघेही हे फूल कानामागे खोवतात. फूल डाव्या कानामागे असेल तर त्या व्यक्तीचे लग्न झाले आहे, उजव्या कानामागे असेल तर व्हायचे आहे, असा तेथील संकेत सांगतात.

ताहिती हे ज्वालामुखीतून जन्मलेले बेट आहे. दोन प्राचीन ज्वालामुखी समुद्राच्या तळापासून वर आले आणि एका चिंचोळ्या भूपट्टीने एकमेकांना जोडले गेले. मोठ्या भागाला ताहिती नुई म्हणजे मोठी ताहिती, आणि लहान भागाला ताहिती इती म्हणजे धाकटी ताहिती असे म्हणतात. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,०४५ चौरस किलोमीटर आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर ओरोहेना २,२४१ मीटर उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्याशा बेटावरील या पर्वताच्या उंचीची कल्पना येईल. आतील दऱ्या इतक्या खोल आणि कडे इतके उभे आहेत की, बेटाच्या अंतर्भागात वस्ती जवळजवळ नाहीच. सुमारे १,९०,००० माणसे किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर राहतात आणि तिच्यावरूनच मुख्य रस्ता जातो. राजधानी पापेएते वायव्य किनाऱ्यावर आहे. तेथून मोजलेल्या किलोमीटरच्या खुणा रस्त्याच्या कडेने लावलेल्या आहेत. त्यामुळे घराचा पत्ता सांगताना तेथील माणूस गल्लीचे नाव घेत नाही. ‘अठराव्या किलोमीटरला, डोंगराच्या बाजूस’ किंवा ‘समुद्राच्या बाजूस’ एवढे म्हटले की पत्ता पुरा होतो.

ज्वालामुखीच्या खडकाचा चुरा झाल्यामुळे येथील पुष्कळ किनाऱ्यांवरील वाळू काळी आहे. चित्रात दिसणारी पांढरीशुभ्र वाळू प्रवाळाची असते. प्रवाळ, म्हणजे पोवळे तयार करणारे जीव, अगदी लहान असतात. उबदार, स्वच्छ आणि उथळ पाण्यात, जेथे सूर्यप्रकाश पोचतो तेथेच ते वाढतात. आपल्या देहाभोवती ते चुनखडीची घरे बांधतात. असंख्य पिढ्यांची घरे एकावर एक रचली गेली की त्यांची भिंत तयार होते. हीच प्रवाळभित्ती. ताहितीच्या भोवती अशी भिंत आहे. बाहेर महासागराच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतल्या बाजूस पाण्याचा शांत पट्टा राहतो. त्याला खारकच्छ म्हणतात. नद्यांचे गोडे पाणी जेथे समुद्रात येते, तेथे प्रवाळ वाढत नाहीत. म्हणून त्या जागी भिंतीला खिंडारे राहिली आहेत. याच दारांतून होड्या ये-जा करतात.

१८३५ च्या नोव्हेंबर महिन्यात चार्ल्स डार्विन हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ येथे आला होता. ताहितीच्या एका उंच उतारावर चढून त्याने समोरचे मोरेआ बेट पाहिले. मध्ये डोंगर, भोवती शांत पाणी, त्याभोवती पांढऱ्या फेसाची कड. जणू चौकटीत बसविलेले चित्रच! डार्विनच्या मनात प्रवाळबेटांविषयी एक विचार घोळत होता, त्याला या दृश्याने बळ मिळाले. ज्वालामुखीचे बेट युगानुयुगे हळूहळू खचत जाते. प्रवाळ मात्र प्रकाशासाठी त्याच वेगाने वर वाढत राहतात. अखेर डोंगर पाण्याखाली नाहीसा होतो आणि त्याच्या भोवतालची प्रवाळाची बांगडी तेवढी उरते. अशा बांगडीसारख्या बेटाला कंकणद्वीप म्हणतात. आपल्या लक्षद्वीपातही अशी बेटे आहेत. ताहिती हे तरुण बेट. बोराबोरा हे त्याहून म्हातारे, त्याचा डोंगर पुष्कळसा झिजला व खचला आहे. आणि तुआमोतुची बेटे म्हणजे डोंगर बुडाल्यानंतर राहिलेली कंकणे. एकाच बेटाच्या आयुष्यातील तीन अवस्था येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. पुढे १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनेवेटाक या कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडण्यात आले. तेव्हा १,२०० मीटरांहून अधिक प्रवाळखडकाखाली ज्वालामुखीचा खडक सापडला आणि डार्विनचे म्हणणे खरे ठरले.

समुद्राकाठी वाढलेल्या मुलाला ताहितीत आणखी एक नवल दिसेल. कोकणातील भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण ती मुख्यतः चंद्राच्या मागे चालते. ताहितीत मात्र भरती बहुधा रोज दुपारी आणि मध्यरात्री येते, आणि ओहोटी सकाळी व सायंकाळी. महासागरातील चंद्राच्या भरतीची लाट ज्या ठिकाणाभोवती फिरते, ते स्थिर ठिकाण ताहितीपासून फार दूर नाही. म्हणून तेथे चंद्राचा प्रभाव फारसा जाणवत नाही आणि सूर्याचा प्रभाव उरतो. ही भरतीही लहानशी, जेमतेम फूटभर असते.

अशा या बेटावर पहिला पाहुणा कोण आला? तो युरोपातून आला नव्हता. सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक पश्चिमेकडून या बेटांवर येऊन वसले. दोन लांब होड्या शेजारी शेजारी बांधून, त्यांवर शीड उभारून, बायकामुले, डुकरे, कोंबड्या आणि रोपे बरोबर घेऊन ते निघत. त्यांच्याजवळ होकायंत्र नव्हते. कोणता तारा क्षितिजावर कोठे उगवतो, लाट कोणत्या बाजूने होडीला धक्का देते, सायंकाळी पक्षी कोणत्या दिशेस परततात, यांवरून ते वाट ओळखीत. ही विद्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती. ती गुरूच्या मुखातून शिष्याच्या स्मरणात उतरत असे. रायआतेआ बेटावरील तापुतापुआतेआ हे दगडी फरसबंदीचे देवस्थान या दर्यावर्दी लोकांचे मोठे केंद्र होते. २०१७ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. अशा देवस्थानाला तेथे ‘माराए’ म्हणतात.

१७६७ मध्ये सॅम्युएल वॉलिस या इंग्रज कप्तानाचे जहाज ताहितीला लागले. किनाऱ्यावरून होड्या आल्या, व्यवहार सुरू झाला, परंतु लवकरच दोहोंत बिनसले. दगडांना तोफांनी उत्तर मिळाले आणि पुष्कळ ताहितीवासी प्राणांस मुकले. पुढच्याच वर्षी बूगँव्हिल हा फ्रेंच नाविक आला. बेटाच्या सौंदर्याने तो इतका मोहून गेला की, ग्रीक पुराणातील प्रेमदेवतेच्या बेटाचे नाव त्याने ताहितीला दिले. या बेटाला आपले स्वतःचे नाव पूर्वीपासून आहे, याने त्याला अडचण वाटली नाही! १७६९ मध्ये कॅप्टन जेम्स कुक आला. शुक्राचा ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना पाहावा, हा त्याच्या सफरीचा एक हेतू होता. ३ जून १७६९ रोजी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ज्या भूशिरावरून तो पाहिला, त्याला आजही ‘शुक्र भूशिर’ असेच नाव आहे. तेथे आता दीपगृह असून काळ्या वाळूवर मुले खेळताना दिसतात.

हे पाहुणे परत गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर ताहितीची माणसेही गेली. त्यांतील दोघांची कथा प्रत्येक प्रवाशाने जाणून घ्यावी अशी आहे. बूगँव्हिलबरोबर अहुतोरू नावाचा तरुण फ्रान्सला गेला. १७६९ मध्ये तो पॅरिसला पोचला. तेथील राजदरबार, रस्ते, गीतनाट्याची रंगभूमी हे सारे त्याने पाहिले. परंतु घरी परत येताना वाटेतच १७७१ मध्ये देवीच्या रोगाने त्याला गाठले आणि ताहितीचा किनारा त्याला पुन्हा दिसला नाही. दुसरा तुपाइया. हा रायआतेआचा विद्वान पुरोहित आणि निष्णात दर्यावर्दी. तो कुकच्या जहाजावर चढला. कित्येक बेटांची नावे व दिशा त्याला मुखोद्गत होत्या आणि त्याच्या सांगण्यावरून त्यांचा नकाशा तयार करण्यात आला. न्यूझीलंडला पोचल्यावर तेथील माओरी लोकांची भाषा इंग्रजांना कळेना, तुपाइयाला मात्र तिचा अर्थ लागला. हजारो मैलांच्या पाण्याने दूर केलेली ती भावंडेच होती. जहाज कोठेही असो, ताहिती कोणत्या दिशेला आहे हे तो बोट दाखवून सांगू शकत असे, असे म्हणतात. तोही परतला नाही. १७७० च्या डिसेंबरात आजच्या जकार्ता शहरी आजाराने त्याचा अंत झाला.

बाहेरून आलेल्या जहाजांतून वस्तू आल्या, तसे रोगही आले. त्यांच्याशी झुंजण्याची शक्ती बेटावरील माणसांच्या अंगी नव्हती. काही दशकांतच गावेच्या गावे ओस पडली. १७९७ मध्ये इंग्लंडहून मिशनरी आले. त्यांनी लेखनकला आणि छपाई आणली, परंतु जुने देव, जुनी नृत्ये आणि अंगावर गोंदण्याची कला यांवर बंदी आली. नंतर फ्रान्सने येथे पाय रोवले. १८४२ मध्ये राणी पोमारे चौथी हिच्या राज्यावर फ्रान्सचे संरक्षण लादण्यात आले. बेटावरील लोकांनी काही वर्षे शस्त्र हाती घेऊन त्याला विरोध केला, पण त्यांना यश आले नाही. २९ जून १८८० रोजी राजा पोमारे पाचवा याने आपले राज्य फ्रान्सच्या स्वाधीन केले. तेव्हापासून ताहिती फ्रेंच सत्तेखाली आहे. आज ते ‘फ्रेंच पॉलिनेशिया’ या प्रदेशाचे मुख्य बेट आहे. या प्रदेशात शंभराहून अधिक बेटे असून ती पश्चिम युरोप मावेल एवढ्या सागरात पसरली आहेत. त्याला स्वतःचे विधिमंडळ व अध्यक्ष आहेत. संरक्षण, न्याय यांसारखे विषय मात्र फ्रान्सच्या हाती आहेत.

ही फ्रेंच छाया पापेएतेच्या रस्त्यांवर पदोपदी दिसते. सकाळी माणसे काखेत लांबलचक पाव घेऊन घरी जाताना दिसतात. शाळेत मुले फ्रेंच शिकतात. फ्रान्समध्ये युरो हे चलन आले, तरी येथे पॅसिफिक फ्रँक हेच नाणे चालते. वाहने उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना आपल्याकडील सवय विसरावी लागते. दुकानात लावलेला भाव तोच खरा भाव, त्यात घासाघीस करण्याची चाल नाही. जेवणानंतर वाढप्याला बक्षिसी देण्याची अपेक्षाही कोणी करीत नाही. रविवारी सकाळी बहुतेक व्यवहार मंदावतात. स्त्रिया विणलेल्या टोप्या घालून प्रार्थनामंदिरात जातात आणि अनेक सुरांत गुंफलेली त्यांची सामुदायिक गीते रस्त्यापर्यंत ऐकू येतात.

परंतु या फ्रेंच पोशाखाखाली हृदय ताहितीचेच आहे. पापेएतेच्या मंडईत पहाटे गेले म्हणजे ते कळते. रंगीबेरंगी मासे, अळूचे कंद, व्हॅनिलाच्या काळसर शेंगा, तिआरेचे हार आणि हिरव्यागार गोल फळांचे ढीग तेथे मांडलेले असतात. या फळाला ‘उरू’ म्हणतात. कोकण-गोव्यात ज्याला नीरफणस म्हणतात, तेच हे फळ. उरूविषयी एक सुंदर लोककथा आहे. एकदा मोठा दुष्काळ पडला. एक बाप आपल्या उपाशी मुलांना घेऊन डोंगरातील गुहेत राहिला. मुलांचे हाल त्याला पाहवेनात. एका रात्री तो गुहेबाहेर गेला आणि झाड झाला. त्याचे हात फांद्या झाले, पंजे पाने झाली आणि त्याचे मस्तक फळ झाले. सकाळी त्या फळांनी मुलांची भूक भागली.

याच झाडाने एक मोठे नाट्यही घडविले. वेस्ट इंडीज बेटांतील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे, म्हणून १७८८ मध्ये इंग्रजांचे ‘बाउंटी’ हे जहाज नीरफणसाची रोपे नेण्यासाठी ताहितीला आले. हजारावर रोपे घेऊन ते निघाले, परंतु १७८९ च्या एप्रिलमध्ये खलाशांनी बंड केले आणि कप्तान ब्लाय याला काही सोबत्यांसह एका उघड्या नावेत सोडून दिले. रोपांना समुद्राची समाधी मिळाली. मुलांसाठी झाड झालेल्या बापाची कथा एकीकडे, आणि गुलामांच्या पोटाचा खर्च वाचवू पाहणारे जहाज दुसरीकडे. एकाच झाडाकडे माणसे किती निराळ्या नजरेने पाहतात!

पाहुण्याने येथे दोन शब्द तरी शिकून जावे. भेटताना ‘इआ ओरा ना’ म्हणावे. उपकाराबद्दल ‘माउरूउरू’ म्हणजे धन्यवाद म्हणावे. ताहिती भाषेची वर्णमाला अवघ्या तेरा अक्षरांची आहे. शब्दाचा शेवट नेहमी स्वराने होतो आणि प्रत्येक स्वर वेगळा उच्चारला जातो. त्यामुळे ही भाषा कानाला वाहत्या पाण्यासारखी वाटते. गोंदणाला जगभर जो ‘टॅटू’ शब्द रूढ झाला, तो याच बेटांतील ‘ताताउ’वरून. एके काळी शाळेत ही भाषा बोलण्यास मनाई होती. १९८० च्या दशकात तिला शाळांतून पुन्हा स्थान मिळाले. ताहिती भाषेची अकादमी तिचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्याचे काम करते. तरीही अनेक घरांत नातवंडे आजीचे बोलणे समजतात, पण उत्तर फ्रेंचमधून देतात. ज्या नृत्यांवर बंदी होती, ती मात्र आज जुलै महिन्यातील ‘हेइवा’ नावाच्या महोत्सवात डौलाने उभी राहिली आहेत. ढोलांच्या गजरात शेकडो नर्तक एकाच तालावर नाचतात, तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात.

या बेटांच्या इतिहासात एक काळीकुट्ट नोंदही आहे. २ जुलै १९६६ रोजी फ्रान्सने ताहितीच्या आग्नेयेस सुमारे १,२५० किलोमीटरांवरील मोरुरोआ या कंकणद्वीपावर अणुस्फोटाची चाचणी केली. मोरुरोआ आणि फांगाताउफा या दोन बेटांवर १९९६ पर्यंत एकूण १९३ चाचण्या झाल्या. आरंभीच्या चाचण्या उघड्या हवेत झाल्या. १९७४ नंतर त्या जमिनीखाली करण्यात आल्या. १७ जुलै १९७४ च्या चाचणीचा ढग वाऱ्याबरोबर ताहितीकडे आला. खाली माणसे नेहमीप्रमाणे जेवत होती, मुले पावसात खेळत होती. आकाशातून काय येत आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. कित्येक वर्षांनी, २०१० मध्ये, आजारी पडलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा फ्रान्सने केला. २०२१ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी पापेएते येथे येऊन आपले राष्ट्र या बेटांचे ऋणी आहे, असे मान्य केले. ज्याच्या अंगणात आपण गेलो, त्या घरमालकाला विचारल्यावाचून तेथे काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न त्यामुळे केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

हा प्रश्न अगदी अलीकडेही उभा राहिला. ताहिती इतीवर, जेथे किनाऱ्याचा रस्ता संपतो तेथे, तेआहुपो नावाचे लहानसे गाव आहे. खोल महासागरातून आलेली लाट येथे एकदम उथळ प्रवाळभित्तीवर आदळते आणि काचेच्या भिंतीसारखी उभी राहते. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याचा खेळ पॉलिनेशियात फार प्राचीन आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील या खेळाच्या स्पर्धा पॅरिसपासून सुमारे १५,७०० किलोमीटरांवर असलेल्या या गावी झाल्या. पंचांना बसण्यासाठी पाण्यात नवा धातूचा मनोरा उभारण्याचे ठरले. त्यामुळे प्रवाळाला इजा होईल, म्हणून गावकऱ्यांनी, कोळ्यांनी आणि खेळाडूंनी विरोध केला. २०२३ च्या डिसेंबरात कामासाठी आणलेल्या एका तराफ्याखाली प्रवाळाचे तुकडे झाले, तेव्हा हा विरोध जगभर पोचला. मनोऱ्याचा आकार लहान करण्यात आला आणि नंतर स्पर्धा पार पडल्या. स्पर्धा काही दिवसांची असते. प्रवाळाची भिंत मात्र हजारो वर्षांची असते, आणि तिच्या आडोशालाच गाव नांदत असते.

म्हणून ताहितीला जाणाऱ्या पाहुण्याने काही गोष्टी अवश्य पाळाव्या. पाण्यात उतरताना पायांत जाड तळाची पादत्राणे घालावीत, कारण दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा उथळ पाण्यात दडून असतो. परंतु प्रवाळावर पाय ठेवू नये. तो दगड नव्हे, जिवंत वस्ती आहे. माराएवरील एकही दगड हलवू नये आणि त्याच्या फरशीवर बसून खाणेपिणे करू नये. कोणाचे छायाचित्र घ्यावयाचे असेल तर आधी विचारावे. ऊन प्रखर असते आणि डास डेंग्यूचा ताप पसरवितात, त्यांपासून जपावे. डोंगरातील दऱ्यांत वाटाड्यावाचून जाऊ नये, पाऊस पडला की तेथील ओढे पाहता पाहता फुगतात. एखाद्या घरी जेवावयास बोलावले, तर नाही म्हणू नये. जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळून भाजलेले उरू आणि अळूचे कंद, लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात कालविलेली कच्ची मासळी, असे ते जेवण असते. मासे न खाणाऱ्यालाही त्या पंक्तीत उपाशी राहावे लागत नाही.

ताहितीच्या किनाऱ्याला आजवर अनेक जहाजे लागली. कोणी तोफा घेऊन आले, कोणी दुर्बिणी, कोणी रोपे नेण्यासाठी कुंड्या घेऊन आले. ४ जून १९७६ रोजी मात्र पापेएतेच्या बंदरात एक निराळेच गलबत आले. त्याचे नाव ‘होकुलेआ’. जुन्या पॉलिनेशियन पद्धतीची ही जोडहोडी हवाई बेटांतून सुमारे चार हजार किलोमीटरांचा प्रवास करून आली होती. तिच्यावर मार्ग दाखविणारा माऊ पियाइलुग हा दर्यावर्दी सातावाल या चिमुकल्या बेटाचा रहिवासी होता. त्याने नकाशा, होकायंत्र, घड्याळ यांपैकी काहीही न वापरता केवळ तारे आणि लाटा पाहून ताहिती गाठले. पूर्वज वाऱ्याबरोबर वाहत चुकूनमाकून या बेटांवर येऊन पडले, असे काही विद्वान म्हणत असत. तुपाइयाची विद्या खरी होती, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

त्या सकाळी हजारो माणसे किनाऱ्यावर लोटली होती. पाण्यात उड्या टाकून मुले होडीपाशी पोहत गेली आणि तिच्यावर चढू लागली. एवढी मुले चढली की होडीचा मागचा भाग त्यांच्या भाराने पाण्यात दबू लागला. या पाहुण्यापासून त्यांना कसलेही भय वाटले नाही.